अपठित उतारा कसा वाचावा

महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेतील इंग्रजी उताऱ्यावर बोलण्यासाठी कामगार चळवळीतल्या माणसाला उभे करावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आम्ही प्राध्यापक नव्हे. शाळा दहावीनंतर सुटली आणि लेथवर उभे राहिलो. पुढचे इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून, वीरकरांच्या कोशातून आणि कारखान्यांच्या नोटिसांतून शिकलो. परंतु गेली कितीतरी वर्षे आमचे निम्मे काम इंग्रजी कागद वाचून दाखवण्याचे आहे. नोटीस, चार्जशीट, करारनामा, न्यायालयाचा निवाडा यांपैकी प्रत्येक कागद म्हणजे एक अपठित उतारा असतो. तो कुणी आधी शिकवलेला नसतो, त्याला गाईड नसते आणि उत्तर चुकले तर गुण जात नाहीत, नोकरी जाते. आता त्याच कामगारांची मुले संध्याकाळी आमच्या कचेरीत येऊन विचारतात, "काका, शब्द तर बरेच येतात, पण उतारा हाती लागत नाही. काय करायचं?" त्या प्रश्नाचे आम्हांला सुचलेले उत्तर आज आपल्यापुढे ठेवतो.

हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. विद्यापीठात पाऊल टाकण्याची ती प्रवेशपरीक्षाच होती. त्या पहिल्याच परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांमध्ये महादेव गोविंद रानडे होते. त्यांचा जन्म निफाडचा, परंतु वडील कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत असल्यामुळे त्यांची मराठी शाळा आणि इंग्रजीची पहिली धुळाक्षरे याच गावची. १८५६ साली ते मुंबईस गेले. याच रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आज आपण ज्या परंपरेत बसलो आहोत, तिचा धागा असा एका परीक्षार्थी मुलाशी जाऊन पोहोचतो.

दुसरे उदाहरण गोपाळ कृष्ण गोखल्यांचे. १८८१ साली ते मॅट्रिक झाले. शिक्षण कोल्हापुरास चालले होते आणि वडील वारल्यावर थोरले बंधू गोविंदराव शिक्षण सोडून कागलला नोकरीस लागले होते. पगार पंधरा रुपये. त्यांतले आठ रुपये ते धाकट्या भावाला पाठवीत. हे आकडे आम्ही मुद्दाम सांगतो. एका मुलाच्या इंग्रजीमागे घरातल्या दुसऱ्या माणसाची अर्धी भाकरी उभी असते, ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि उद्यमनगरात, गोकुळ शिरगावात, इचलकरंजीच्या मागावर आजही खरी आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांची रांग उभी केली आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला, तो हा भार एकेकट्या घरावर पडू नये म्हणूनच.

आता मुळाकडे वळू. आमच्या पिढीला इंग्रजीचे पहिले अक्षर पाचवीत भेटले. २००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून आले. म्हणजे आजचा मुलगा बारावीपर्यंत बारा वर्षे इंग्रजी शिकतो. मग उतारा का अडतो? कारण ही बारा वर्षे तो बहुधा पठित उतारा शिकतो. धडा वर्गात समजावून सांगितलेला असतो, प्रश्न ठरलेले असतात, उत्तरे गाईडात असतात. त्यात पाठांतराची परीक्षा होते. वाचनाची परीक्षा अनोळखी मजकुरावरच होऊ शकते. पोहायला शिकलेला मुलगा पंचगंगेत उतरेपर्यंत पोहणारा ठरत नाही, तसेच हे आहे.

परीक्षेचे स्वरूप आधी नीट पाहू. कायद्याच्या राष्ट्रीय विद्यापीठांची क्लॅट ही परीक्षा २००८ पासून होते आणि २०२० पासून ती उताऱ्यांवर आधारलेली आहे. पदवी अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी आता त्यात १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात. उतारे सुमारे साडेचारशे शब्दांचे. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. येथे केवळ इंग्रजीचाच नव्हे, कायद्याचा, तर्काचा, चालू घडामोडींचा प्रश्नही उतारा वाचूनच सोडवायचा असतो. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी आली. तिच्या इंग्रजीच्या पेपरात उतारे असतात. २०२५ च्या पद्धतीप्रमाणे एका पेपरात ६० मिनिटांत ५० प्रश्न, बरोबर उत्तराला पाच गुण आणि चुकल्यास एक वजा.

आता कारखान्यात जॉबचा वेळ काढतात तसा हिशेब करू. क्लॅटमध्ये प्रश्नामागे एक मिनिट. एका उताऱ्यावर पाच प्रश्न धरले तर उतारा आणि प्रश्न मिळून पाच मिनिटे हाती येतात. जो मुलगा मिनिटाला शंभर शब्द वाचतो, त्याची साडेचार मिनिटे उतारा वाचण्यातच जातात आणि पाच प्रश्नांना अर्धे मिनिट उरते. जो दोनशे शब्द वाचतो त्याला सव्वादोन मिनिटे लागतात आणि पावणेतीन मिनिटे विचाराला उरतात. दोघांची बुद्धी सारखी असेल, शब्दसंपत्तीही सारखी असेल, तरी निकालात जमीन-अस्मानाचे अंतर पडेल. म्हणून पहिले काम वेग वाढवण्याचे. परंतु वेग म्हणजे घाई नव्हे. वेग कशाने अडतो हे शोधून तो अडथळा काढणे हे काम आहे.

आम्हांला दिसलेला सर्वांत मोठा अडथळा म्हणजे शब्दागणिक भाषांतर. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. आपला कान वाक्याच्या शेवटाची वाट पाहत असतो. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या पाठोपाठ येते आणि अटी, अपवाद, खुलासे त्याच्या मागून किंवा मधून येतात. मराठीत आपण "जो कामगार काल आला तो" असे आधी विशेषण देऊन मग माणूस दाखवतो. इंग्रजी आधी माणूस दाखवते आणि मग त्याच्या मागे त्याची हकीकत लावते. एकेक शब्द मराठीत आणून त्याची जागा बदलत बसलो तर वाक्य संपेपर्यंत आरंभ विसरतो. उपाय असा : वाक्य पुंजक्यांनी वाचावे. आधी कोण आणि काय करतो एवढे पकडावे. बाकीचे पुंजके त्याला जोडत जावे. ओठ हलवू नयेत आणि मागे फिरून तीच ओळ पुन्हा वाचण्याची सवय सोडावी.

दुसरा अडथळा लहान शब्दांचा आहे. मुले मोठ्या शब्दांना घाबरतात, आणि त्यांचा घात छोटे शब्द करतात. एक वाक्य घ्या : "द मॅनेजमेंट मे, सब्जेक्ट टू द अप्रूव्हल ऑफ द कमिटी, क्लोज द कँटीन." घाईने वाचणारा म्हणतो, व्यवस्थापनाला कँटीन बंद करता येते. परंतु मधल्या पुंजक्यात कमिटीच्या मंजुरीची अट आहे. कामगारांचे सारे बळ त्या दोन स्वल्पविरामांच्या मध्ये आहे. दुसरे वाक्य : "नो वर्कर शॅल बी डिसमिस्ड अनलेस ही हॅज बीन हर्ड." त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याखेरीज कुणालाही काढता येणार नाही. येथे 'नो' आणि 'अनलेस' या दोन नकारांची सांगड कळली नाही तर अर्थ उलटा होतो. 'मे' म्हणजे करता येईल, 'शॅल' म्हणजे केलेच पाहिजे. 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहीतच, 'अ फ्यू' म्हणजे थोडे आहेत. 'हार्डली' याचा 'हार्ड'शी संबंध नाही. 'हाउएव्हर', 'दो', 'यट', 'नॉटविथस्टँडिंग' हे शब्द म्हणजे रस्त्यावरची वळणे. अशा शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढण्याची सवय लावली की लेखक कोठे वळला ते दिसू लागते. उताऱ्यावरचे निम्मे प्रश्न त्या वळणांवरच बसलेले असतात.

हे केवळ परीक्षेपुरते नाही. आम्ही तरुण असताना एका कारखान्यात थकलेल्या पगाराचा एक हप्ता वाटला गेला. पावतीवर रकमेच्या खाली बारीक अक्षरांत छापले होते, "इन फुल अँड फायनल सेटलमेंट". म्हणजे सर्व येणे मिटले. पावतीवरचा आकडा प्रत्येकाने दोनदा वाचला, शब्द कुणी वाचले नाहीत. उरलेल्या पगाराची मागणी पुढे गेली तेव्हा त्याच पावत्या आमच्यासमोर ठेवण्यात आल्या आणि त्या सह्यांचा अर्थ काय, यावर भांडण्यात दोन वर्षे गेली. कायदा करणाऱ्यांना ही अडचण ठाऊक नव्हती असे नाही. कारखान्यांच्या स्थायी आदेशांसंबंधीच्या १९४६ च्या कायद्याच्या ९ व्या कलमात, ते आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत दाराशी फलकावर लावावेत, अशी तरतूद होती. परंतु पावतीला फलक नसतो. ती ज्याची त्यालाच वाचावी लागते.

तिसरा अडथळा ओळखीच्या शब्दांचा. 'अवॉर्ड' हा शब्द मुलांना ठाऊक असतो, त्याचा अर्थ बक्षीस. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'अवॉर्ड' म्हणजे न्यायाधिकरणाचा निवाडा, आणि तो आपल्याविरुद्धही असू शकतो. 'स्ट्राइक' म्हणजे संप, पण घड्याळाचे ठोकेही 'स्ट्राइक' होतात आणि एखादी कल्पना सुचली तरी ती 'स्ट्राइक' होते. 'ले-ऑफ' याचा आपल्या कायद्यातला अर्थ काम नसल्यामुळे तात्पुरते बसवून ठेवणे, तर अमेरिकेच्या बातमीत त्याच शब्दाचा अर्थ बहुधा नोकरीवरून काढून टाकणे. म्हणून "या शब्दाचा उताऱ्यातील अर्थ कोणता?" असा प्रश्न आला की पाठ केलेला अर्थ लगेच टिकवू नये. तो शब्द झाकावा, आजूबाजूची दोन वाक्ये वाचावीत, तेथे कोणता शब्द बसेल ते मनाशी ठरवावे आणि मगच पर्याय पाहावेत. शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करण्यापेक्षा प्रत्येक नवा शब्द त्याच्या वाक्यासकट वहीत उतरवणे अधिक हिताचे. शब्द एकटा राहत नाही, त्याला बिऱ्हाड लागते.

आता पर्यायांकडे येऊ. येथे एक नमुना घेऊन बोलणे बरे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे येथील लहान मुलालाही ठाऊक असते. समजा, एका उताऱ्याचा आशय असा आहे : "पाणी ३९ फुटांवर पोहोचले असले तरी घरे सोडण्याची वेळ अद्याप आलेली नाही, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. तथापि नदीकाठच्या कुटुंबांनी सामान बांधून ठेवावे, अशी सूचनाही त्यांनी दिली." प्रश्न असा की, अधिकाऱ्यांच्या बोलण्यावरून काय निष्पन्न होते? चार पर्याय पाहा.

(अ) शहराला पुराचा काही धोका नाही.
(आ) नदीकाठच्या सर्व कुटुंबांनी ताबडतोब घरे सोडावीत.
(इ) पाणी आणखी वाढू शकेल, असे अधिकाऱ्यांनी धरले आहे.
(ई) २०१९ च्या पुरात कोल्हापूरची मोठी हानी झाली होती.

'अ' निवडणारा पहिल्या वाक्यावर थांबला, 'तथापि'चे वळण त्याने घेतलेच नाही. 'आ' निवडणाऱ्याने सूचना ताणली. सामान बांधणे निराळे आणि घर सोडणे निराळे. त्यातला 'सर्व' आणि 'ताबडतोब' हे शब्द उताऱ्यात नाहीत. 'ई' सर्वांत फसवा आहे, कारण तो खरा आहे. आपण तो पूर डोळ्यांनी पाहिला आहे. परंतु तो या उताऱ्यात नाही. 'इ' हे उत्तर उताऱ्यात शब्दशः कोठेही नाही, तरी तेच बरोबर आहे. पाणी वाढण्याची शक्यता नसती तर सामान बांधून ठेवायला कुणी सांगितले नसते. उताऱ्यातून निघते ते उत्तर, आपल्या मनातून निघते ते नव्हे. अर्धे सांगणारा, जास्त सांगणारा आणि खरा पण बाहेरचा, या तीन जातींचे चुकीचे पर्याय ओळखता येऊ लागले की निम्मी लढाई जिंकली. वाटाघाटीच्या टेबलाशीही हीच तीन माणसे समोर बसलेली असतात.

अंदाजाने खूण करावी की नाही, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न. पाव गुण कापणाऱ्या परीक्षेचा हिशेब असा : सोळा प्रश्नांवर डोळे मिटून खुणा केल्या तर सरासरीने चार बरोबर येतात, त्यांचे चार गुण. बारा चुकतात, त्यांचे तीन गुण वजा. हाती उरतो एक. परंतु प्रत्येक प्रश्नातले दोन पर्याय विचाराने बाद केले आणि उरलेल्या दोहोंत अंदाज केला, तर आठ बरोबर, आठ चूक. आठांतून दोन वजा जाऊन सहा उरतात. म्हणजे अंदाज निषिद्ध नाही, आधी बाद करण्याचे कष्ट घेतले पाहिजेत.

सराव कसा करावा, याची रीत आता थोडक्यात सांगतो. रोज एक तास पुरे, पण तो रोज. पहिली वीस मिनिटे घड्याळ लावून एखादे इंग्रजी संपादकीय किंवा जुन्या प्रश्नपत्रिकेतला उतारा वाचावा. या काळात कोश उघडू नये. अडलेल्या शब्दावर खूण करून पुढे जावे. पुढची वीस मिनिटे परीक्षणाची. कागद पालथा घालून वाचलेले दोन वाक्यांत मराठीत सांगावे. शक्य तर मित्राला किंवा आईला सांगावे. लेथवर काम झाले की व्हर्नियर लावून माप पाहतात, तशी आपली मराठी ही आकलनाची व्हर्नियर आहे. ज्याला उतारा मराठीत सांगता येत नाही, त्याला तो कळलेला नाही, मग त्यातले सगळे शब्द ओळखीचे का असेनात. मराठीत वाचण्याची सवय नसलेल्या मुलाला इंग्रजी उतारा पेलत नाही, हेही आम्ही पाहिले आहे. शेवटची वीस मिनिटे कोशाला आणि चुकांच्या वहीला द्यावीत.

या चुकांच्या वहीला आम्ही हजेरीपट म्हणतो. त्यात तीन रकाने असावेत : मी कोणता पर्याय निवडला, का निवडला, आणि उताऱ्यातला कोणता शब्द माझ्या नजरेतून सुटला. महिनाभरात ही वही बोलू लागते. कुणाच्या चुका 'नॉट' सुटल्याच्या असतात, कुणाच्या ताणण्याच्या, कुणाच्या केवळ वेळ संपल्याच्या. दुखणे कळल्याशिवाय औषध देता येत नाही. नुसते उतारे सोडवत राहणे म्हणजे बिघडलेल्या साच्यात ओतकाम करत राहणे होय, माल वाढतो आणि भंगारही वाढते.

साहित्याला पैसे फारसे लागत नाहीत. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून या गावात आहे. संध्याकाळी मराठी दैनिकात एक बातमी वाचावी आणि तीच इंग्रजी दैनिकात काढून पाहावी. आशय आधीच कळलेला असल्यामुळे शब्द आपोआप अर्थ सांगू लागतात. भारताचे संविधान दोन्ही भाषांत मिळते. त्याचे एकेक कलम समोरासमोर ठेवून वाचण्यासारखा दुसरा उत्तम पाठ आम्हांला माहीत नाही. काही महिन्यांनी मराठीचा आधार काढून घ्यावा. मग ज्या विषयात आपल्याला गोडी नाही असे उतारे मुद्दाम वाचावेत, कारण परीक्षेत विषय आपल्या आवडीने येत नाही.

येथे कुणी म्हणेल, की कामगारांच्या पुढाऱ्याने मराठी मुलांना इंग्रजीच्या चरकात घालण्यापेक्षा परीक्षाच मराठीत मागावी. आम्ही ती मागणी करतोच. सीयूईटी मराठीसह १३ भाषांत देता येते. क्लॅट मात्र इंग्रजीतच होते आणि त्याविरुद्ध २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयात अर्जही झाला. ती मागणी रास्त आहे आणि ती लढवली पाहिजे. परंतु संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे संसद अन्य तरतूद करीपर्यंत सर्वोच्च न्यायालयाचे आणि उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालावयाचे आहे. ज्या मुलीला उद्या त्या न्यायालयात कामगारांची बाजू मांडायची आहे, तिला तो कागद वाचता आलाच पाहिजे. संप चालू असतानाही घरची चूल पेटवावी लागते. मागणी लढवणे आणि मुलाला आज रात्री एक उतारा वाचायला बसवणे, ही दोन कामे परस्परविरोधी नाहीत.

पालकांना एकच विनंती. तुम्हांला इंग्रजी येत नसेल तर मुलाने वाचलेले मराठीत ऐकून घ्या आणि "मग पुढे काय झालं?", "असं का म्हणाला तो?" एवढे दोनच प्रश्न विचारा. जगातल्या कोणत्याही परीक्षकाकडे यापेक्षा फार निराळे प्रश्न नसतात. आणि मुलांना सांगणे असे की, प्रवेश मिळो न मिळो, ही सवय सोडू नका. परीक्षेनंतर तुमच्यापुढे जो पहिला मोठा अपठित उतारा येईल, त्याचे नाव नेमणूकपत्र. त्यात पगाराचा आकडा ठळक असेल आणि अटी बारीक अक्षरांत असतील. त्याला पर्याय चारच नसतात आणि वेळही कुणी लावलेली नसते. तेवढा वेळ घ्या, 'शॅल' आणि 'मे' यांच्याखाली रेघ ओढा, आणि मग सही करा.